दुसऱ्या गावात चालतो तो पैसा

नाणं वाजवून घेणारी माणसं पुष्कळ असतात. आमचे साहेब ते चालवून पाहत.

पगाराच्या दिवशी रोखपालाच्या खिडकीतून नोटा हातात पडल्या, की त्यातली वरची एक नोट ते कोटाच्या वरच्या खिशात वेगळी ठेवत. संध्याकाळी सायकल काढत आणि आपलं सेक्टर सोडून दुसऱ्याच कुठल्या तरी सेक्टरात जात. जिथे त्यांना कुणी ओळखत नाही असं दुकान गाठून गजक, साबण, बुटाची नाडी, असं काहीबाही विकत घेत. दुकानदारानं नोट गल्ल्यात टाकली आणि मोड परत दिली, की ते स्वतःशीच म्हणत, "चालली." मग उरलेला पगार घरी. हे दर महिन्याला. नोटेवर गव्हर्नरची सही असते, ती काही त्यांना पुरेशी वाटत नसे.

मी एकदा विचारलं होतं, "साहेब, सरकारनं दिलेली नोट चालणार नाही असं कधी झालंय का?"

"झालं नाही, म्हणून पाह्यचं सोडायचं काय?" ते म्हणाले. "बाई, एक गोष्ट ध्यानात ठेवा. दुसऱ्या गावात चालते, थो पैसा. बाकी सारे बिल्ले."

ही त्यांची गायत्री. दिवसातून दोनदा तरी कानावर पडायची. चंडीगडात 'दुसरं गाव' आणायचं कुठून? तिथे गल्ली नाही, आळी नाही, नुसते आकडे. त्यावर त्यांनी तोडगा काढला होता: दुसरं सेक्टर म्हणजे दुसरं गाव. या शहरावर मात्र ते जाम खूश असत. एकाच वेळी दोन राज्यांची राजधानी! "हे शहर दोन्हीकडं चालते. म्हणजे नाणं खरं," असं ते नव्यानं बदलून आलेल्या प्रत्येक माणसाला ऐकवत, आणि तो माणूस काहीच न कळून मान डोलवत असे.

मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. वडील हवाई दलात, त्यांची बदली चंडीगडला झालेली, घरात साताऱ्याची मराठी आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की पंजाबी. सतरा सेक्टरातल्या केंद्र सरकारच्या त्या ऑफिसात मराठी बोलणारं माझ्याखेरीज एकच माणूस होतं, ते म्हणजे हे. आमच्या विभागाचे सुपरिंटेंडेंट. चांद्याच्या कोळसाखाणींच्या भागातले, पुढे नागपुरात घर केलेले. उंच, काळेसावळे, मे महिन्यातही अंगात काळा कोट, कारण कोटाला खिसे चार. बायको-मुलं नागपूरला, हे एकटे सरकारी क्वार्टरमध्ये. पहिल्या दिवशी मराठीत बोलायला मिळेल म्हणून मी हरखून त्यांच्या टेबलाशी गेले, तर त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "वडील पगार घरी आणतात तो रोख की चेकनं?" मी घरी जाऊन आईला म्हटलं, आपल्या नशिबी मराठी माणूस आला तोही असा.

ते सुट्या पैशांच्या टंचाईचे दिवस होते. नाणी कुठे गडप झाली होती कोण जाणे. बसचा कंडक्टर तिकिटाच्या पाठीवर शिल्लक लिहून द्यायचा, पानवाला काड्यापेटी द्यायचा, आणि आमच्या ऑफिससमोरचे किराणावाले लालाजी टॉफी. बाकी सगळं ऑफिस तोंडात टॉफी घोळवत परत यायचं. साहेब अडून बसले.

"ओ बाऊजी, भान हैगी नहीं," लालाजी म्हणाले. भान म्हणजे सुटे पैसे. "टॉफी लै लो. पैसा ही समझो जी."

"पैसा समजू?" साहेबांनी टॉफी उचलली. "ठीक है लालाजी. जरा मेरे साथ चलिए."

आणि त्या धिप्पाड लालाजींना गल्ल्यावरून उठवून ते दोन दुकानं पलीकडे घेऊन गेले. तिथे एक सरदारजी पेन, दौती आणि ऑफिसची स्टेशनरी विकत. साहेबांनी टाचण्यांची डबी मागितली आणि पैशांच्या जागी टॉफी ठेवली. सरदारजींनी आधी टॉफीकडे, मग साहेबांकडे, मग मागे उभ्या लालाजींकडे पाहिलं. "ए की है?" साहेब म्हणाले, "लालाजी कहते हैं पैसा है. आप ले लो." सरदारजींना जे हसू फुटलं ते थांबेना. आजूबाजूचे दुकानदार जमले. लालाजी आधी चिडले, मग लाजले, मग स्वतःच खदाखदा हसत परत आले आणि त्यांनी गल्ल्याच्या तळातून, रुमालात बांधलेली नाणी काढली. त्या दिवसापासून साहेबांसाठी नाणी वेगळी ठेवलेली असायची. आम्हाला मात्र टॉफीच.

'बिल्ला' हा शब्द त्यांनी असा काही वापरात आणला होता की हळूहळू सगळं ऑफिस तो बोलू लागलं. वरच्या अधिकाऱ्यानं दिलेलं आश्वासन, बिल्ला. शाल-श्रीफळ, बिल्ला. रोखपाल शर्माजी कुणाच्या लग्नाच्या जेवणाचं कौतुक करू लागले, की आमचा चपरासी तोंड वाकडं करून म्हणायचा, "बिल्ला है जी, बिल्ला."

मला एकदा मोठ्या साहेबांचं प्रशस्तिपत्र आलं. एक जुनं, सगळ्यांनी हात टेकलेलं प्रकरण मी निकालात काढलं होतं. खरं सांगायचं तर ते पत्र मी वडिलांच्याही आधी आमच्या साहेबांना दाखवलं. त्यांच्या तोंडून एक चांगला शब्द निघावा, एवढीच इच्छा. त्यांनी ते वाचलं, घडी घातली, परत दिलं आणि म्हणाले, "बिल्ला आहे. ठेवा जपून."

मला इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी फक्त फायलीपुरतं बोलले. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

त्यांची बायको हिवाळ्यात एकदा चंडीगडला आली होती, तेव्हा आमच्याकडे जेवायला आली. आई भीत भीत म्हणाली, "तुमचे यजमान जरा वेगळे आहेत, नाही?" त्या बाई शांतपणे पुडाची वडी तळत होत्या, कारण आमच्या स्वयंपाकघरात शिरून झाऱ्याचा ताबा त्यांनी आल्या आल्या घेतला होता. म्हणाल्या, "लग्नातली अंगठीसुद्धा आधी दुसऱ्या गावच्या सोनाराले दाखवून आणली होती यांनी. मी म्हणलं, मलेही कुठं नेऊन चालवून पाहाल काय?" दोघी पोट धरधरून हसल्या. मग त्या बाई गंभीर होऊन म्हणाल्या, "पण माणूस खरा आहे. खोटं बोलता येत नाही त्यांले. एकदा बोलले होते म्हणे. त्याचंच सारं हे." यापुढे त्या काही बोलल्या नाहीत आणि आईनंही विचारलं नाही. मला मात्र ते वाक्य लागून राहिलं.

मंडळाच्या गणपतीची हकिकत सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमच्या महाराष्ट्र मंडळात शेवटच्या दिवशी खाद्यजत्रा असे. लष्करातल्या, सरकारी ऑफिसांतल्या बायका मिसळ, साबुदाणा वडे, ओल्या नारळाच्या करंज्या करून आणत. दारात कुपनं घ्यायची आणि आत खायचं. उरलेली कुपनं वाया. हा उरलेल्या कुपनांचा पैसा म्हणजे मंडळाची मुख्य कमाई, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नसे. त्या वर्षी चिटणिसांनी मोठ्या विश्वासानं साहेबांना पैशांच्या पेटीवर बसवलं. संध्याकाळी लोक घरी निघाले, तेव्हा साहेब फाटकात खुर्ची टाकून बसलेले, मांडीवर पेटी. "कुपनं उरली काय? आणा इकडं." आणि प्रत्येकाला त्याचे पैसे परत! चिटणीस धावत आले. "अहो, हे काय चालवलंय? मंडळाचा नफा गेला!"

"नफा कायचा?" साहेब म्हणाले. "या फाटकाच्या बाहेर तुमचं कुपन चालते काय? नाही ना? मग ज्याचं त्याले द्या परत."

त्या वर्षी रंगमंचाचा नवा पडदा शिवायचा राहिला, आणि चिटणिसांनी साहेबांचं नाव कार्यकारिणीतून कायमचं काढलं. गंमत पुढच्या वर्षी झाली. परत मिळतात हे कळल्यावर लोकांनी न भिता भरभक्कम कुपनं घेतली, पोरांनी चारचार वडे हाणले, विक्रीच दुप्पट झाली, आणि परत द्यायला फार काही उरलंच नाही. पडदा झाला, वर हार्मोनियमही आली. चिटणिसांनी भाषणात हे आपल्या नियोजनाचं यश म्हणून सांगितलं. साहेब शेवटच्या रांगेत बसून करंजी खात होते.

इथपर्यंत ते मला एक विक्षिप्त, मजेदार माणूस वाटत. आमच्या ऑफिसच्या मागच्या अंगाला नवी इमारत उठू लागली आणि माझं मत बदललं.

चंडीगड तेव्हा सतत बांधलं जात होतं. विटा वाहणारी माणसं लांबलांबून येत. आमच्या मागच्या कामावर बिलासपूरकडची, छत्तीसगडी टोळी होती. बायका डोक्यावर घमेली घेऊन फळ्यांवरून अशा चढत, की खाली उभं राहून बघताना आपलेच पाय लटपटावेत. पाण्यासाठी त्या आमच्या आवारातल्या नळावर येत. त्यातली सुकवारो नावाची एक बाई माझ्याशी बोलू लागली. चाळिशीची असेल, किडकिडीत, आणि बोलण्यात ठसका. तिची मुलगी गावाकडे आजोळी होती, तिचं लग्न ठरलं होतं, आणि सुकवारोला लग्नाला जायचं होतं.

जायचं कसं? कंत्राटदार कामगारांना मजुरी रोख देत नसे. दर आठवड्याला चिठ्ठ्या देई. त्या चिठ्ठ्यांवर झोपड्यांशेजारच्या दुकानात तांदूळ, तेल, मीठ मिळे, आणि ते दुकान कंत्राटदाराच्या मेहुण्याचं. रोख हिशेब इमारत पुरी झाल्यावर. इमारत पुरी व्हायला अजून उन्हाळा जायचा होता आणि लग्न तोंडावर आलं होतं. सुकवारोच्या पदरात चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता, पण रेल्वेच्या खिडकीवर चिठ्ठी देऊन तिकीट मिळत नाही.

मी तरुण होते आणि मला स्वतःबद्दल बराच विश्वास होता. मी ऑफिसात वर्गणी काढली. शर्माजींनीसुद्धा दिले. नोटा पाकिटात घालून मी मोठ्या ऐटीत नळावर गेले. सुकवारोनं पाकिटाकडे पाहिलं, हात पदराला पुसले आणि पाकीट माझ्या हातात परत ठेवलं.

"हमन भीख नइ मांगन, नोनी," ती म्हणाली. आम्ही भीक मागत नाही, मुली. रागानं नव्हे. समजूत घातल्यासारखं. घमेलं उचलून ती निघून गेली आणि मी पाकीट घेऊन उभीच राहिले.

साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते ऊन खात बसले होते. हिवाळ्यात आमचं सगळं ऑफिस जेवणाच्या सुट्टीत हिरवळीवर यायचं. बायका विणायच्या, पुरुष भुईमुगाच्या शेंगा फोडायचे. 'चिठ्ठी' हा शब्द ऐकला आणि त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "दाखवा," म्हणाले. मी सुकवारोकडून एक चिठ्ठी मागून आणली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली, उठले आणि थेट कामावरच्या मुन्शीकडे गेले. मी मागोमाग.

पुढचं मला पाठ होतं. त्यांनी मुन्शीला रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर नेलं, दोन चहा सांगितले आणि चिठ्ठी पुढे केली. टपरीवाल्यानं मान हलवली. पण हा मुन्शी म्हणजे लालाजी नव्हता. तो लाजला नाही की हसला नाही. स्वतःच्या खिशातून चहाचे पैसे देऊन म्हणाला, "बाऊजी, राशन तो मिल रहा है न इनको? और क्या चाहिए? आप अपना दफ्तर संभालो."

साहेबांचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. चिठ्ठी परत द्यायला आम्ही नळापाशी आलो. बायकांशी बोलताना साहेबांची नजर कायम जमिनीला असे, त्यामुळे सुकवारो इतके महिने समोरून जात-येत असूनही त्यांनी तिला नीट पाहिलेलं नव्हतं. ती बादली उचलायला वाकली, आणि तिच्या गळ्यातली माळ पुढे लोंबली. तिकडच्या बायका रुपयांची माळ घालतात, तशी. पण हे रुपये नव्हते. पितळेच्या गोल चकत्या होत्या, मधोमध भोक पाडलेल्या, अंगावर वागवून वागवून चकचकीत झालेल्या. एका बाजूला कोळशाच्या डब्याचं चित्र.

साहेब मटकन नळाच्या कट्ट्यावर बसले.

"तोर दाई कोन खदान म रिहिस?" त्यांनी विचारलं. तुझी आई कुठल्या खाणीत होती? त्यांच्या तोंडून तिची भाषा ऐकून सुकवारो चमकली, आणि मीही. तिनं खाणीचं नाव सांगितलं. साहेबांनी मान हलवली. ती पाणी घेऊन गेल्यावर त्यांनी मला जे सांगितलं, ते त्या शेंगा खाण्याच्या हिरवळीवर बसून सांगितलं, आणि एरवीसारखं एकही वाक्य चढवून म्हटलं नाही.

वयाच्या विशीत ते त्याच खाणीवर कारकून होते. तिथे रुळांवरच्या डब्यात कोळसा भरणाऱ्यांना कंपनी रुपये देत नसे. एक डबा भरला की एक बिल्ला. तो बिल्ला फक्त कंपनीच्या दुकानात चालायचा. धान्य, कापड, तंबाखू, दारू, काय ते तिथेच घ्यायचं. आठवड्याच्या शेवटी खिडकीत बसून ते बिल्ले वाटायचे, हे साहेबांचं काम.

"माझा पगार मात्र रुपयात होता बरं काय," ते म्हणाले.

एकदा एका मजुराचं पोरगं तापानं फणफणलं. पाच कोसांवरच्या गावात वैद्य होता. मजुरानं बिल्ले घेतले आणि खिडकीतून विचारलं, "बाबू, ये दूसर गाँव म चलही?" दुसऱ्या गावात चालतील का? मॅनेजरनं शिकवून ठेवलं होतं, कुणी विचारलं तर हो म्हणायचं, उगाच कटकट नको. साहेब म्हणाले, "चलही."

"पोरगं वाचलं," साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले. "वैद्यानं बिल्ला घेतला नाही, पण पोरगं आपलं आपणच वाचलं. पुढच्या आठवड्यात थो बाप रांगेत उभा. मले वाटलं, शिव्या देईन, थुंकंन. काहीच बोलला नाही, बाई. बिल्ले घेतले अन् गेला. काही विचारलंबी नाही त्यानं पुन्हा."

नंतर खाण दुसऱ्या मालकाकडे गेली, एका सकाळी खिडकी आणि दुकान दोन्ही बंद झाली, आणि ज्याच्या हाती जे बिल्ले होते ते तसेच राहिले. सुकवारोच्या आईनं त्यांची माळ केली होती.

मी पाकिटाचा विषय काढला. म्हटलं, आता तुम्ही द्या, तुमच्याकडून ती घेईल. साहेब उसळले. "मी कायले देऊ? भीक मी देणार नाही अन् थे घेणार नाही. बिल्ले वटवायचे आहेत. कंपनीचा बाबू मी होतो."

अडचण भावाची होती. बिल्ल्यावर रक्कम नव्हती, डबा होता. म्हणजे एका डब्याची मजुरी. ती कुठल्या काळच्या दरानं द्यायची? साहेबांचं म्हणणं, आजच्या. त्यांचा भाचा चांद्याकडच्या खाणीत होता, खाणी आता सरकारच्या झाल्या होत्या. त्याला तार करायला त्यांनी मला पाठवलं. 'डबा भरण्याचा आजचा दर ताबडतोब कळव.' तारबाबूनं ती दोनदा वाचली आणि माझ्याकडे संशयानं पाहिलं. उत्तर आलं. साहेबांनी आपल्या खात्यातून पैसे काढले, आणि मी मनातल्या मनात हिशेब केला, की बिलासपूरचं जाण्यायेण्याचं भाडं निघून वर लुगडंही येईल. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. त्यांनी डोळे वटारले असते.

सुकवारोला पटवायला मला वाटलं त्रास होईल. तिनं सगळं ऐकून घेतलं. माळेवरून हात फिरवला. मग म्हणाली, "दाई कहत रिहिस, एक दिन खिड़की खुलही." एक दिवस खिडकी उघडेल, असं आई म्हणायची.

हे कळल्यावर साहेबांनी हट्टच धरला, व्यवहार खिडकीतूनच होईल. शर्माजींनी पुष्कळ कुरकुर केली, सरकारी रोखपालाची खुर्ची म्हणजे काय गंमत आहे का, वगैरे. पण दुपारच्या सुट्टीत ते स्वतःच उठून बाजूला झाले. साहेब गजांच्या आत बसले. कोटाची सगळी बटणं लावलेली. बाहेर सुकवारो, हातपाय धुऊन, डोक्यावरून पदर घेऊन आली. तिच्या मागे टोळीतल्या बायका. मी गजांना टेकून उभी.

तिनं माळेचा दोरा दातानं तोडला आणि एकेक बिल्ला खिडकीतून आत सरकवला. साहेब प्रत्येक बिल्ला उचलून पाहत होते, बोटानं पुसून ठेवत होते. शेवटचा बिल्ला तिनं मुठीत धरला. "एक ठन ला नइ देवँव," ती म्हणाली. एक देणार नाही. आईचा आहे.

"ठेव," साहेब मराठीतच म्हणाले.

मग त्यांनी नोटा दिल्या. कोऱ्या. सुकवारोनं त्या हातात घेतल्या. आयुष्यभर तिला जे मिळालं होतं ते झोपड्यांपाशी नाहीतर खाणीच्या आवारात चालणारं. तिनं नोटांकडे पाहिलं, मग गजांतून साहेबांकडे पाहिलं आणि अगदी साधेपणानं विचारलं,

"बाबू, ये दूसर गाँव म चलही?"

तिला त्या जुन्या गोष्टीतलं काही ठाऊक नव्हतं. मी तिला सांगितलेलं नव्हतं, साहेबांनी तर नाहीच. साहेबांचा हात टेबलावर तसाच राहिला. शर्माजी मागून पुढे वाकले. बायका थांबल्या होत्या. सुकवारो उत्तराची वाट पाहत उभी होती, कारण तिला ते खरंच हवं होतं.

"चलही," साहेब म्हणाले. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "चलही, बाई. सब्बो गाँव म चलही."

मी तोंड फिरवलं. मला रडू आलं होतं आणि त्यांनी ते पाहावं असं मला वाटत नव्हतं. ते तरी कुठे पाहत होते म्हणा.

सुकवारो लग्नाला गेली. टोळीतल्या बाकीच्या बायकांचं गाडं मात्र तिथेच अडलं होतं. साहेबांनी मजूर खात्याकडे अर्जांवर अर्ज केले, स्वतः जाऊन बसले, आणि शेवटी एक निरीक्षक येऊन गेला. कंत्राटदारानं रोख मजुरी सुरू केली, कुरकुरत, उशिरा, पण केली. त्या पगाराच्या दिवशी बायका चहाच्या टपरीवर रांग लावून उभ्या होत्या. एकेक चहा पिऊन नोट चालते का ते पाहत होत्या. ही खोड त्यांना कुणी लावली हे सांगायला नको.

वडिलांची बदली झाली आणि मीही पुण्याला बदली मागून घेतली. ऑफिसनं मला भिंतीवरचं घड्याळ दिलं, भाषणं झाली. साहेब समारंभाला आले नाहीत. ते येणार नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं, तरी मी दाराकडे बघत होते.

सतरा सेक्टरातल्या बसस्टँडवर आमचं सामान टपावर चढत असताना त्यांची सायकल आली. कोटाच्या वरच्या खिशातून, पगाराची नोट वेगळी ठेवायचे त्या खिशातून, त्यांनी एक पितळेची चकती काढली आणि माझ्या हातावर ठेवली. इतक्या वर्षांत मला ते पहिल्यांदाच 'बाई' म्हणाले नाहीत.

"बिल्ला आहे, पोरी," ते म्हणाले. "ठेव जपून."

त्यानंतर मी पुष्कळ गावं बदलली. तो बिल्ला कुठे चालतो का, हे मी अजून पाहिलेलं नाही. मला तो खर्चायचाच नाही.